मोठ्यांसाठी रंगकाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही काही जण रंगपेट्या घेऊन बसतो. कोणी बँकेतून निवृत्त झालेलं, कोणी आयटीत नोकरी करणारं, कोणी घरातल्या दीर्घ आजारपणाने थकलेलं. नव्याने येणारी मंडळी जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. छापील चित्रात रंग भरल्याने मन निवतं हा माझा अनुभव आहे आणि ते का होतं हेही बऱ्याच अंशी सांगता येतं. पण त्याच्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगायचं आहे.

हे लहान मुलांचं काम नाही का?

दिवाळीत अंगणात बसून तासभर रांगोळीत रंग भरणाऱ्या बाईला कोणी असं विचारत नाही. ठिपके मांडायचे, ते जोडायचे आणि मग एकेक पाकळी चिमटीने भरायची, हे आपल्याकडे मोठ्यांचंच काम राहिलं आहे. सावंतवाडीचे कारागीर गंजिफाच्या, म्हणजे जुन्या पत्त्यांच्या खेळाच्या, गोल पानांवर आजही हाताने रंग भरतात. दशावतारी गंजिफाचा एक संच १२० पानांचा असतो आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहाही अवतार त्यात येतात. ते काम बघितलेला माणूस रंग भरण्याला पोरखेळ म्हणणार नाही.

मोठ्यांसाठी छापलेल्या रंगवह्या मात्र तुलनेने नव्या. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा काही वह्या निघाल्या होत्या, पण त्या राजकारणी आणि कंपनीतल्या साहेबांची टर उडवण्यासाठी होत्या. मन शांत करण्यासाठी रंगवायचं ही लाट अलीकडची. स्कॉटलंडच्या जोहाना बॅसफर्ड यांची बागेच्या चित्रांची वही २०१३ मध्ये आली, ती जगभर प्रचंड खपली आणि त्यानंतर आपल्याकडच्या पुस्तकांच्या दुकानांतही मोठ्यांच्या रंगवह्यांचा वेगळा कप्पा दिसायला लागला.

रंगवताना मन शांत का होतं?

मला पटलेलं कारण असं. चित्राची रेघ आधीच काढलेली असते, त्यामुळे 'काय काढू' हा प्रश्न तुमच्यापुढे येतच नाही. उरतात ते छोटे निर्णय: हे पान हिरवं की पोपटी, इथे दाबायचं की हलकं ठेवायचं. हे निर्णय चुकले तरी कोणाचं काही बिघडत नाही. दिवसभर ज्या निर्णयांची जबाबदारी आपल्यावर असते, त्यांच्यानंतर असे बिनधोक निर्णय घेणं ही मोठी विश्रांती आहे.

शिवाय हात एकाच लयीत हलत राहतो आणि डोळे पेन्सिलीच्या टोकामागे जातात. मनाला काळजीत रमायला जागा उरणार नाही एवढं काम मिळतं आणि दमायला होईल इतकं मिळत नाही. हा मधला पट्टा महत्त्वाचा आहे. फार सोपं चित्र घेतलं की हात चालतो आणि डोक्यात उद्याची मीटिंग सुरू होते. नखाएवढ्या शंभर चौकोनांचं चित्र घेतलं की कपाळाला आठ्या पडतात. आपला पट्टा कोणता, हे चार-पाच चित्रं रंगवल्यावर आपोआप कळतं.

याला काही शास्त्रीय आधार आहे का?

आहे, पण तो जाहिरातीत सांगतात तेवढा मोठा नाही.

सर्वात जास्त सांगितला जाणारा अभ्यास अमेरिकेतला. करी आणि कॅसर या दोन संशोधकांनी तो २००५ मध्ये प्रसिद्ध केला. ८४ विद्यार्थ्यांना आधी आयुष्यातला भीतीचा प्रसंग लिहायला लावून थोडं बेचैन केलं. मग एका गटाला मंडल, म्हणजे वर्तुळात बसवलेली नक्षी, दिलं, दुसऱ्याला चौकड्यांची नक्षी आणि तिसऱ्याला नुसता कोरा कागद. २० मिनिटं रंगवल्यावर मंडल आणि चौकड्या रंगवणाऱ्यांची बेचैनी सारखीच उतरली. कोरा कागद मिळालेल्यांची तशी उतरली नाही. म्हणजे गुण रंगांपेक्षा आखून दिलेल्या चौकटीचा असावा. २०१२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला. त्यात मंडल कोऱ्या कागदापेक्षा सरस ठरलं, चौकड्या मात्र ठरल्या नाहीत. एवढ्याशा प्रयोगांत असे फरक पडतात, हे लक्षात ठेवावं.

न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातला २०१७चा अभ्यास मला जास्त कामाचा वाटतो, कारण तो एका बैठकीपुरता नव्हता. विद्यार्थिनींच्या एका गटाने आठवडाभर रोज रंगवलं, दुसऱ्या गटाने सुडोकूसारखी कोडी सोडवली. आठवड्याअखेर रंगवणाऱ्यांमध्ये उदासी आणि चिंता, दोन्हींची लक्षणं कमी झालेली दिसली.

फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठातला २०१६चा अभ्यास नेहमी ऐकवला जातो. ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं कलाकृती केल्या आणि त्यांच्यापैकी सुमारे ७५ टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, उतरलं. पण तिथे माती, कोलाज, मार्कर असं बरंच काही ठेवलं होतं. तो आकडा निव्वळ रंगवहीच्या नावावर खपवणं बरोबर नाही.

आणि एक उलट बाजूचा अभ्यास. बर्मिंगहॅममधल्या संशोधकांना २०१८ मध्ये असं दिसलं की नुसतं मंडल रंगवल्याने माणसाची सजगता वाढत नाही. मला याचं नवल वाटलं नाही. पेन्सिल हातात घेतली म्हणून लक्ष आपोआप येत नाही, ते आणावं लागतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

मग मंडलच रंगवायला हवं का?

नाही. मंडलाचा बोलबाला झाला तो बराचसा कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञामुळे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला, १९१८-१९च्या सुमारास, तो रोज सकाळी वहीत एक छोटं वर्तुळाकार चित्र काढत असे आणि आपल्या मनाची त्या दिवसाची स्थिती त्यात पाहत असे. पण तो स्वतः चित्र काढत होता, छापील मंडल भरत नव्हता, आणि या दोन गोष्टींत फरक आहे.

वर्तुळात मध्याकडून बाहेर जाण्याची एक सोय असते, वाट ठरलेली असते, म्हणून नवख्याला ते बरं पडतं. त्यापलीकडे त्यात गूढ काही शोधू नये. आमच्याकडे सर्वात लोकप्रिय असतात पैठणीचे पदर: बांगडी मोर, आसावली, मुनिया, नारळी काठ. ते आकार डोळ्यांच्या ओळखीचे असतात आणि रंग सुचायला वेळ लागत नाही. एक काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा मंडलाच्या पानासमोर नुसत्या बसून होत्या. नारळी काठाचं पान पुढे केल्यावर म्हणाल्या, "हा माझ्या लग्नातल्या शालूचा काठ," आणि थेट राणी रंगाची पेन्सिल उचलली. त्यानंतर निघेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

ठिपक्यांची रांगोळी वहीवर काढून रंगवता येते. गंजिफाची गोल पानं आहेत, वाड्यांच्या तुळयांवरची कमळं आहेत, गोव्यातल्या घरांवर दिसणारे निळ्या-पांढऱ्या आझुलेजो फरशांचे नमुने आहेत. वारली चित्र मात्र मी रंगवायला देत नाही. ती गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी रेघ आहे; तिच्यात सात रंग भरले की वारलीपण जातं. जिव्या सोमा मशे यांची कुठलीही चित्रं पाहा, सगळी जादू रेघेत आहे. वारली आवडत असेल तर तपकिरी कागद आणि पांढरी पेन्सिल घेऊन ती काढावी.

'सजगपणे रंगवा' म्हणतात, म्हणजे नक्की करायचं काय?

लक्ष हातातल्या कामावर ठेवायचं, ते भटकलं की लक्षात आल्यावर स्वतःला न रागावता परत आणायचं. इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे श्वास असतो, इथे पेन्सिलीचं टोक.

पैठणीवरचा मोर घ्या आणि त्याच्या पिसाऱ्यातलं एकच पीस निवडा. पोपटी पेन्सिल टोकापासून लांब धरा, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. जेमतेम रंग दिसेल असा पहिला थर द्या, एकाच दिशेने. कागदाचे पांढरे दाणे मधूनमधून दिसत राहतील, ते दिसू द्या. आता कडेकडेने निळा, पोपटीवर थोडा चढेल असा. जिथे दोन्ही मिसळतात तिथे मोरपंखी रंग तयार होतो, तो कुठल्याही पेन्सिलीत नसतो. मग पिसाच्या डोळ्याभोवती जांभळा, किंचित दाबून. आता आवाज ऐका. पहिल्या थराला पेन्सिल खरखरते. तिसऱ्या थराला कागदाचे दाणे भरलेले असतात आणि टोक सुळकन घसरतं, आवाज जवळपास बंद होतो. हा बदल कानाला जाणवला की समजा लक्ष जागेवर आहे.

बोटं पेन्सिल आवळून धरतायत का, जबडा घट्ट मिटलाय का, श्वास रोखलाय का, एवढं अधूनमधून तपासावं. बारीक कोपरा भरताना जवळजवळ सगळेच श्वास रोखतात. कोपरा संपला की सोडा.

गाणी किंवा टीव्ही लावून रंगवलं तर?

गाणी चालतील. शब्द पाठ असलेली गाणी, अभंग, नुसती बासरी, काहीही. टीव्ही नको, कारण डोळे दोन ठिकाणी जातात. बातम्या तर मुळीच नकोत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. टेबलावर उलटा ठेवलेला फोनही हात ओढून घेतो.

किती वेळ आणि केव्हा?

वीस मिनिटं ते अर्धा तास पुरतो. झोपण्याआधीचा वेळ चांगला, पण दिवा पांढऱ्या प्रकाशाचा हवा. पिवळ्या दिव्याखाली फिकट पिवळा रंग कागदावर दिसतच नाही आणि सकाळी पाहिल्यावर सगळं गडद वाटतं. दुपारचा खिडकीजवळचा उजेड सर्वात उत्तम. रोज रंगवलंच पाहिजे असा नेम करू नका. त्याचं एकदा कर्तव्य झालं की मजा गेली.

महागडे रंग घ्यावे लागतात का?

सुरुवातीला बिलकुल नाही. घरात मुलांची रंगपेटी असेल तर तीच घ्या. विकत घ्यायची तर २४ रंगांची साधी पेटी पुरेशी आहे. कॅमलिन आपल्या घराघरांत पोचलेलं नाव. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाई बनवण्यापासून सुरुवात केली. डोम्सच्या पेन्सिली महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या उंबरगावच्या. यातलं काहीही चालेल.

स्वस्त आणि महाग पेन्सिलींत फरक असतो तो मुख्यतः रंगद्रव्याच्या प्रमाणात. रंगीत पेन्सिलीच्या कांडीत रंगद्रव्य, मेण किंवा तेल आणि भरीला पांढरी माती किंवा टाल्क असतं. भर जास्त असेल तर रंग खडूसारखा फिका उमटतो आणि थरावर थर चढत नाही. हातात बसल्यावर, आवड टिकते आहे असं दिसल्यावर, चांगली पेटी घ्या. तेव्हाही ४८ रंगांच्या हलक्या पेटीपेक्षा २४ रंगांची चांगली पेटी घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. खूप रंग असले की अर्धा वेळ निवडण्यात जातो.

स्केचपेन झटपट आणि चमकदार, पण त्यात थर देता येत नाहीत आणि रंग पलीकडच्या पानावर उतरतो. खाली जाड कागद ठेवा. जेल पेन बारीक नक्षीला छान, फक्त शाई वाळेपर्यंत हात लावू नका. मेणाचे खडू मोठ्या आकारांना बरे. जलरंगांना वेगळा कागद आणि वेगळा धीर लागतो.

पेन्सिलीचं टोक सारखं मोडतं. काय करू?

बहुतेक वेळा पेन्सिल कधीतरी जमिनीवर पडलेली असते आणि आतली कांडी ठिकठिकाणी तुटलेली असते. मग कितीही तासा, तुकडा गळून पडतो. पेटी उंचावर, काठाला ठेवू नका. शार्पनरचं पातं बोथट झालं असेल तर तेही कारण असतं. नवा शार्पनर दहा-वीस रुपयांत येतो. पेन्सिल स्थिर धरून शार्पनर फिरवला तर कांडीला पीळ कमी पडतो.

मेणाच्या पेन्सिलीने खूप दाबून रंगवलं असेल तर काही दिवसांनी गडद रंगावर पांढुरकी साय दिसते. ते वर आलेलं मेण असतं, बुरशी नव्हे. मऊ सुती कापडाने हलकेच पुसलं की जातं.

चित्रं घरी छापली तर चालतील का?

चालतील. फक्त झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७५-८० जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) असतो, त्यावर पेन्सिलीचे दोन-तीन थर बसतात आणि मग कागद गुळगुळीत होऊन रंग घेत नाही. झेरॉक्सवाल्याला १२० जीएसएम किंवा त्याहून जाड कागदावर काढायला सांगा. इंकजेट प्रिंटरची रेघ पाण्याने आणि काही मार्करने फिसकटते. लेझर प्रिंटची किंवा झेरॉक्सची रेघ टिकते. दुसऱ्या कलाकाराची वही झेरॉक्स करून वाटू नये, त्यांचंही पोट त्यावर असतं.

मला रंगसंगती अजिबात कळत नाही.

तीन रंग निवडा आणि अख्खं चित्र त्या तिघांतच पूर्ण करा. हलका-गडद केला तरी तीनांचे नऊ होतात. निवडताना घरातली एखादी आवडती साडी, दुपट्टा किंवा गोधडी समोर ठेवा. विणणाऱ्याने रंगसंगती आधीच सोडवून ठेवलेली असते. निळ्याने शांती आणि लाल रंगाने राग, असल्या तक्त्यांकडे लक्ष देऊ नका. तुम्हाला जो रंग हातात घ्यावासा वाटतो तो घ्या. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पेन्सिलीची एक चौकट रंगवून ठेवा, कारण लाकडावरचा रंग आणि कागदावरचा रंग बऱ्याचदा जुळत नाहीत. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट दिसत नाही, त्यांनी पेन्सिलींवर नावाच्या चिठ्ठ्या लावाव्यात.

रंगवतानाच मला ताण येतो. रेघेबाहेर गेलं की चिडचिड होते.

असं होणारे बरेच जण असतात, विशेषतः ज्यांच्या नोकरीत चूक चालत नाही असे. त्यांना मी मुद्दाम मोठ्या आकारांचं, जाड रेघेचं चित्र देते आणि बोथट पेन्सिल. बाहेर गेलेला रंग खोडायचा प्रयत्न करू नका, दाबून दिलेला रंग रबराने पूर्ण जात नाही आणि कागद सोलतो. शेजारचा आकार त्याहून गडद करा, तो आत घेतो. पान पूर्ण करायची सक्ती नाही. अर्धं सोडून नवं घेतलं तरी चालतं.

एवढं करूनही दोन-तीन बैठकींनंतर नको वाटत असेल तर सोडून द्या. कोणाला विणकाम मानवतं, कोणाला बागेत माती खणणं, कोणाला पहाटेचा रियाझ. रंगवणं सगळ्यांना मानवलंच पाहिजे असं नाही.

मोबाइलवरची रंगवण्याची ॲप कशी?

प्रवासात वेळ घालवायला ठीक. पण बोटाने टॅप केलं की आकार क्षणात भरतो, म्हणजे जो भाग मनाला निववतो, हाताची ती संथ हालचाल, तोच गायब होतो. मधे जाहिराती येतात ते वेगळंच. टॅबवर स्टायलसने स्वतः रंग भरता येत असेल तर गोष्ट निराळी.

आजी-आजोबांना देता येईल का? हाताला कंप आहे, विसरायला होतं.

जरूर द्या, पण दोन गोष्टी सांभाळा. चित्र बालवाडीचं देऊ नका. हत्ती-ससा-फुगा समोर ठेवला की वय झालेल्या माणसाला आपली किंमत कमी झाल्यासारखं वाटतं, आणि स्मरणशक्ती गेली तरी मान-अपमान कळतो. तुळशीवृंदावन, बैलजोडी, पंढरीची वारी, जुना वाडा असे विषय मोठ्या आकारात छापून घ्या. रंगवता रंगवता जुन्या गोष्टी निघतात, त्या ऐका. दुसरं म्हणजे साधन: जाड, त्रिकोणी पेन्सिली धरायला सोप्या जातात आणि कागद चिकटपट्टीने टेबलाला लावला की सरकत नाही. शेजारी बसून तुम्हीही रंगवा. नुसतं देखरेख करत बसलात तर ती परीक्षा होते.

मान आणि मनगट दुखतं.

कागद सपाट टेबलावर असला की मान खाली जाते. परीक्षेचं क्लिपवालं पॅड दोन जाड पुस्तकांवर तिरपं ठेवा. वीस मिनिटांनी उठून पाणी प्या. कागदाला उलट्या बाजूने हात लावल्यावर उंचवटे जाणवत असतील तर तुम्ही फार दाबताय.

मला नैराश्य आहे, औषधं चालू आहेत. रंगवून बरं वाटेल का?

थोडा वेळ हलकं वाटू शकतं आणि त्या थोड्या वेळाचीही किंमत असते. पण औषधं बंद करू नका, डॉक्टरांची वेळ चुकवू नका. रंगवही म्हणजे कलोपचार नव्हे. कलोपचारात प्रशिक्षित उपचारक समोर असतो, तुम्ही काय काढलं आणि त्याबद्दल काय वाटतं यावर तो तुमच्याबरोबर काम करतो. ड्रेक्सेलच्याच संशोधकांनी दोन्हींची तुलना केली तेव्हा ताण दोन्हीकडे कमी झाला, पण उपचारकाबरोबर काम करणाऱ्यांना उत्साह आणि आत्मविश्वास जास्त मिळाला.

झोप उडाली आहे, जगणं नकोसं वाटतंय, घरातलं कोणी तसं बोलतंय, अशा वेळी रंगपेटी काढू नका, फोन उचला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत आहे. मराठीत बोलता येतं.

पूर्ण झालेलं चित्र ग्रुपवर टाकावं का?

मी सुरुवातीचे काही महिने टाकू नका असं सांगते. अंगठे आणि फुलं आली की पुढचं चित्र त्यांच्यासाठी रंगवलं जातं, नाही आली की मन खट्टू होतं. ज्यांना दाखवायचंच आहे त्यांनी घरातल्या एका माणसाला दाखवावं.

रंगवलेली पानं जपायची कशी?

उन्हापासून लांब. स्केचपेनचा रंग सर्वात आधी उडतो, समोरच्या भिंतीवर थेट ऊन येत असेल तर काही महिन्यांतच. पेन्सिलीचं चित्र त्यामानाने टिकतं, फक्त दोन पानं एकमेकांवर घासली की रंग पुसट होतो, म्हणून मधे बटर पेपर घाला. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात वहीत ओल धरते; तिथे पानं प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवून कपाटाच्या वरच्या खणात ठेवावीत आणि आश्विनातलं ऊन पडायला लागलं की एकदा बाहेर काढून सावलीत वारा द्यावा.